पाठ फिरवून बोललेलं

आमच्या घरात गुपित कुजबुजून सांगायची पद्धत नव्हती. पाठ फिरवायची आणि खणखणीत आवाजात बोलायचं. बाबांची उभी हयात परळच्या गिरणीत साचेखात्यात गेली होती. तिथल्या मागांच्या धडधडीने त्यांचे कान गेले, पण डोळे तरबेज झाले. साच्यावरची माणसं एकमेकांचे ओठ बघूनच बोलत. त्यामुळे समोर उभं राहिलं की बाबांना सगळं कळे, आणि जे कळू द्यायचं नसेल ते त्यांच्याकडे पाठ करून बोलावं लागे. आलागेला माणूस चक्रावून जाई. मी स्टोव्हकडे तोंड करून ओरडायची, "दादा, बाबांच्या विड्या मी डाळीच्या डब्यात लपवल्यात," आणि बाबा पाहुण्यांशी हसत बसलेले असत.

आई नव्हती. मुलुंडला दोन खोल्यांत आम्ही तिघं, बाबा, दादा आणि मी. मी शाळेत शिकवत होते. दादाचं काम कान तपासायचं. कान मोजायचं मशीन तेव्हा नवलाईची गोष्ट होती. फोर्टात बहिऱ्यांची यंत्रं विकायचं एक दुकान होतं, तिथे तो ते चालवायला शिकला. लोकांना या कामाचं नावही ठाऊक नव्हतं. दादाला बघायला आलेल्या एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे ते चौपाटीवर बसतात, कानातला मळ काढतात, तसं?" दादा गंभीरपणे म्हणाला, "तसंच, पण मी आत बसतो."

पुढचा प्रश्न पगाराचा असे आणि तिथे गाडं अडे. फोर्टातल्या दुकानात दादाला अडीचशे मिळत होते. मुलुंडला आग्रा रोडवर एका ट्रस्टचा दवाखाना होता, तिथे दीडशे. मुलुंड तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेर होतं, म्हणून शहराचा भत्ता नाही. मशीन तेच, माणूस तोच, आणि कान तर फोर्टातल्या शेटजींपेक्षा कारखान्यातल्या माणसांचे जास्त बिघडलेले. तरी हद्द ओलांडली की पगार खाली. मला याची चीड यायची. अजून येते.

असं असूनही दादा फोर्ट सोडून मुलुंडला आला, तो बाबांमुळे. एकदा आग्रा रोड ओलांडताना मागून आलेल्या लॉरीचा भोंगा बाबांना ऐकू आला नाही. कोणीतरी दंडाला धरून खेचलं म्हणून वाचले. त्यानंतर घरी दुपारी कोणीतरी असायला हवं होतं आणि माझी शाळा दुपारची. दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर होता. दादाने बाबांच्या समोर बसून, ओठ नीट हलवून सांगितलं, "मुलुंडलाही तेवढाच पगार आहे, बाबा. वर घरचं जेवण." बाबा खूश झाले. पुढे दोन-तीन ठिकाणची बोलणी पगारावरून मोडली, तेव्हा बाबांना आम्ही पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं.

दादा दवाखान्यातल्या गमती सांगे. भरपाईच्या आशेने बहिरेपणाचं सोंग घेऊन येणारे असत. त्यांना तो चुटकीसरशी पकडायचा. "सोप्पं आहे गं," म्हणायचा. "मी मागे बसून हळू शब्द म्हणतो. खऱ्या बहिऱ्याला शब्द कधी आला, कधी गेला, याचा पत्ताच नसतो, तो ढिम्म बसतो. सोंगाड्या प्रत्येक शब्दाला मान हलवतो, नाही ऐकलं म्हणून. अरे, ऐकलं नाहीस तर नाही कशाला म्हणतोस?" आम्ही पोट धरून हसायचो.

मग दादाने बाबांसाठी यंत्र आणलं. फोर्टातल्या जुन्या मालकांनी ओळखीखातर दिलं होतं. लागू पडलं तर हप्त्याने पैसे, नाही तर परत. काड्यापेटीहून मोठी डबी, तिला वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायचं बोंडूक. डबी ठेवायला मी बाबांच्या बंडीला आतून खिसा शिवला.

पहिल्या दिवशी बाबा नुसते घरभर फिरले. मोरीतला नळ सोडून ऐकला. स्टोव्हला पंप मारायला लावला. कावळा ओरडला तर पोरासारखे खिडकीत गेले. ओठ न बघता बोलणं समजायची त्यांना सवय राहिली नव्हती, पण तीही हळूहळू आली. एका संध्याकाळी मी भांडी घासताना काहीतरी पुटपुटत होते. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"गो," म्हणाले, "तुझो आवाज तुझ्या आवशीसारखो आसा. माका ठावकच नाय होता."

माझा जन्म होईपर्यंत त्यांचे कान गेलेलेच होते. माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो असा, आईच्या आवाजासारखा. मी राखेच्या हातांनीच डोळे पुसले, आणि ते जास्तच चुरचुरले.

त्याच आठवड्यातली रविवार सकाळ. बाबा जमिनीवर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होते. दादा खिडकीला आरसा टेकवून दाढी करत होता, बाबांकडे पाठ. मी तांदूळ निवडत होते. आदल्या दिवशी फोर्टातल्या मालकांकडून निरोप आला होता की दिल्लीच्या एका मोठ्या इस्पितळात कान तपासणारा माणूस हवा आहे. दादा आरशाशीच बोलल्यासारखा बोलला, पण आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे मोठ्याने.

"चारशे देतायत. वर राहायला खोली. पण जाणार कसा? बाबा आहेत तोवर इथे दीडशेवरच कुजायचंय."

बोलणारा दादा होता आणि तो मनाने वाईट नव्हता. वर्षानुवर्षं आम्ही असंच बोलत आलो होतो आणि त्याने कधी कोणाला जखम झाली नव्हती. मी मान वर केली. बाबांच्या कानात बोंडूक होतं. त्यांचे हात थांबले होते. मग त्यांनी सुरी उचलली आणि उरलेल्या आठळ्या सोलल्या, एकही न टाकता.

दुसऱ्या दिवशी दादा घरी आल्यावर त्यांनी डबी त्याच्यापुढे ठेवली.

"नुसती घरघर येता रे. परत कर."

दादाला पटेना. त्याने बाबांना खुर्चीवर बसवलं, यंत्र लावलं आणि स्वतः मागे बसला. मी दारात उभी होते, मला दोघंही दिसत होते. दादा हळू आवाजात एकेक शब्द म्हणू लागला.

"पाणी."

बाबांनी मान हलवली. नाही.

"मीठ."

नाही.

"भाकरी."

नाही.

एक शब्द, एक नकार. दादा मध्येच थांबला की बाबाही थांबत. पुन्हा शब्द आला की मान पुन्हा हलायची. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे बघितलं. ओठ वाचणाऱ्या माणसाचे डोळे फार बोलके असतात. गप्प राहा, रविवारचं मी ऐकलंच नाही असं त्याला वाटू दे, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

दादा वायर गुंडाळत होता. मान खाली. "नस गेलीय," म्हणाला. "यंत्राचा काही उपयोग नाही."

रात्री जेवताना बाबा त्याला म्हणाले, "आता हंय रवान काय करतलंस? खंय बरो पगार गावता थंय जा. चेडू आसा माझा बघूक." चेडू म्हणजे पोरगी, मी.

बऱ्या पगाराचं तुम्हाला कोणी सांगितलं, असं दादाने विचारलं नाही.

तो दिल्लीला गेला. मी शाळेत हातापाया पडून सकाळची पाळी मागून घेतली. बाबांनी रस्त्यावर जाणं सोडलं, फाटकापर्यंत जाऊन परत येत. मी घरात बोलत राहायची, तीच सवय, पण माझा आवाज आता पुन्हा माझ्यापुरताच होता. बंडीच्या आतल्या खिशात बाबा विड्या ठेवू लागले. पुढे मुलुंड मुंबईच्या हद्दीत आलं. दवाखान्यात दादाच्या जागी आलेल्या माणसाला शहराचा भत्ता सुरू झाला. तो मला बाजारात भेटला तेव्हा आनंदाने सांगत होता. मी त्याच्याशी उगाचच तुसड्यासारखी वागले.

दादा रजेवर आला तो बाबांसाठी लोकरीचा स्वेटर घेऊन. मुलुंडच्या उकाड्यात लोकर! पण बाबांनी तो घातला, घामाने निथळत दिवसभर घातला. दादाचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांनी या वेळी पगार विचारला आणि लगेच पसंती कळवली. बाबा ते ऐकून, म्हणजे दादाचे ओठ बघून, टाळ्या पिटत होते.

संध्याकाळी मी चहा टाकला. बाबा मागे खाटेवर बसले होते. मी स्टोव्हकडे तोंड ठेवून विचारलं, खणखणीत आवाजात.

"दादा, त्या दिवशी तुला कळलं होतं ना?"

तो उठून माझ्या शेजारी आला आणि माझ्यासारखाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"पहिल्याच शब्दाला कळलं."

"मग?"

त्याने स्टोव्हला दोन पंप मारले. "चारशे होते गं," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं. यातलं काहीच मी केलं नाही. चहा उतू गेला.

बाबांना आमच्या दोघांच्या पाठीच काय त्या दिसत होत्या. "काय बोलतास रे दोघांय?" त्यांनी विचारलं.

दादाने बाहीने तोंड पुसलं. आम्ही वळलो, ओठ त्यांना नीट दिसतील असे उजेडात उभे राहिलो.

"काही नाही, बाबा," दादा म्हणाला.

बाबांनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "बरां," म्हणाले, आणि स्वेटरच्या आत हात घालून बंडीच्या खिशातली विडी काढली.