बादलीतला जुना तांदूळ

आरोग्य खात्यातल्या त्या निरीक्षकबाईंना सगळं शहर ‘नाक’ म्हणायचं. अर्थात पाठीमागे. तोंडावर ‘मॅडम’, आणि मॅडमची पाठ वळली की आचारी एकमेकांना विचारायचे, “गेलं का रे नाक?” नाव उगाच पडलं नव्हतं. बाई हॉटेलच्या दारात उभ्या राहून नुसता एक श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, “परवाचं तेल आज परत तापवलंय. कुठे लपवलंत ते?” मग मालकाला घाम फुटायचा, आणि त्या घामाचाही वास यायचा तो वेगळाच. एका नावाजलेल्या हॉटेलात सूपच्या वाटीत बोटाला लावायची बँडेजपट्टी सापडली, तेव्हा बाईंनी त्याला महिनाभर टाळं ठोकलं. मालक पाया पडायला वाकला, तर म्हणाल्या, “पायाचं राहू द्या. आधी हात धुवा.”

झुरळं, उंदराच्या लेंड्या, शेवाळ धरलेल्या पाण्याच्या टाक्या असं सगळं पाहून पाहून बाईंच्या चेहऱ्यावर किळस कायमची मुक्कामाला आली होती. हसल्या तरी वरचा ओठ नाकाकडे ओढलेलाच. लग्नाच्या फोटोतसुद्धा तसाच आहे, असं सासूबाई म्हणायच्या. पण तेव्हा त्यांच्या शेजारी नवरा उभा होता, हेही लक्षात घ्यायला हवं.

तर हा नवरा. नोंदणी कचेरीत कारकून. शिक्का मारणं हेच त्यातल्या त्यात अंगमेहनतीचं काम. पंचेचाळिशी उलटली आणि गृहस्थांना मोटारसायकलचं वेड लागलं. रस्त्यावरच्या नव्हे, गावाबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवरच्या. तिथे रविवारी सकाळी पैसे भरून कोणालाही गाडी पळवता येत असे. पहिले दोन रविवार बरे गेले. तिसऱ्या रविवारी काही फेऱ्यांनंतर कोपरापासून मनगटापर्यंत हात लाकडासारखे ताठले, बोटं ब्रेकवर मिटेनात, आणि गाडी वळण सोडून सरळ खडीत गेली. हाड मोडलं नाही, पण ट्रॅकवरचा शिकवणारा चांगलाच तापला.

“काका, पुन्हा एकदा असं झालं तर तुम्हाला गेट बंद. तुमच्या मागून येणाऱ्यांचा जीव काही फुकट आलेला नाही.”

झालं! त्या दिवसापासून घरात मनगटं कमवायचा कारखाना सुरू झाला. जेवताना डाव्या हातात स्प्रिंगची मूठ, घासागणिक ‘कुईं’. बाथरूममधले सगळे टॉवेल भिजवून पिळलेले, आणि त्यांना आंबूस वास. काठीला दोरी, दोरीला वीट. मनगटं फिरवून ती वीट वर गुंडाळायची आणि हळूहळू खाली सोडायची. तळहातांना फोड आले, फुटले, त्यांतलं पाणी गेलं, कातडी वाळली. मग टीव्हीसमोर बसून गृहस्थ ती कातडी सोलायचे आणि सोललेले पापुद्रे साबणाच्या डबीत ठेवायचे. का ठेवायचे, ते देवालाही विचारू नये. शिवाय स्वयंपाकघराच्या खिडकीत चामड्याचे हातमोजे वाळत घातलेले.

“ते आधी बाहेर काढा. आत बेडूक मेलाय की काय?”

“अगं, मेहनतीचा वास आहे तो.”

“मेहनतीचा मला ओळखता येतो. ही बुरशी आहे.”

“असू दे गं,” सासूबाई मध्ये पडायच्या. “हा लहानपणी पाळण्याचा कठडासुद्धा धरत नव्हता. आता धरायला शिकतोय, तर शिकू दे.”

एवढं सगळं उघड चालायचं. एक गोष्ट मात्र नवऱ्याने चोरून ठेवली होती. ट्रॅकवरच्या कोणीतरी त्याला सांगितलं होतं, की बादलीभर कोरड्या तांदळात मनगटापर्यंत हात खुपसायचा आणि आतल्या आत मूठ उघडायची, मिटायची, पिळायची. बोटांना असा जोर येतो की नारळ फोडावा. बायकोला कळलं तर बादलीसकट आपल्याला बाहेर काढील, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून कोठीच्या खोलीत झाकणाची बादली ठेवून, पहाटे दार लावून त्याचा तांदळाशी कुस्तीचा खेळ चालायचा. कपाळाचा घाम टपटप बादलीत. फुटलेल्या फोडांची ओल बादलीत. आणि एका पहाटे अंगठ्याच्या बुडाला लावलेली बँडेजपट्टीही आत कुठेतरी सुटून राहिली. त्याला वाटलं, अंघोळीत गेली.

इकडे खात्यात मुख्य निरीक्षकाची खुर्ची रिकामी होत होती. बाईंनी त्या खुर्चीसाठी वीस वर्षं लोकांची गटारं हुंगली होती. मोठे साहेब कोणाला नेमायचं ते ठरवणार, आणि साहेबांची एक खोड होती: ज्याला वर घ्यायचं त्याच्या घरी एकदा जेवायला जायचे. म्हणायचे, “माणूस दुसऱ्याचं स्वयंपाकघर तपासतो, त्याचं स्वतःचं कसं आहे ते पाहायला नको?” शनिवारी दुपारचं जेवण ठरलं. बाईंनी घर असं घासलं की सासूबाई घसरून पडता पडता वाचल्या. मोजे माळ्यावर गेले, साबणाची डबी कचऱ्यात गेली.

शनिवारी सकाळी बाई फळं आणायला बाहेर पडल्या. सासूबाईंनी तांदळाचा डबा उघडला, तर तळाला दोन मुठी. म्हातारी कोठीत शोधायला गेली, आणि तिथे झाकण लावलेली बादली! हात घातला, तर दाणा कसा कोरडा, गुळगुळीत, खडखडीत. सुनेने साहेबांसाठी खास जुना तांदूळ आणून ठेवला असणार, अशी तिची खात्री पटली. चष्मा देवघरात राहिला होता. अर्धी बादली पातेल्यात.

साहेब आले. नवऱ्याने हात मिळवला.

“अहो, सोडा, सोडा!” साहेब बोटं झटकत म्हणाले. “कचेरीत काय करता, दगड फोडता?”

नवरा फुलला. बाईंनी डोळे वटारले, तसा मिटला.

भात वाढला. दाण्याला दाणा चिकटलेला नाही. साहेबांनी रस्सा ओतला, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. “वा! असा मोकळा भात खाऊन वर्षं झाली हो. आणखी वाढा.” सासूबाईंनी वाढला. मग पुन्हा वाढला. बाईंना खुर्ची समोर दिसायला लागली, हात टेकायच्या दांड्यांसकट.

त्याच आनंदात त्यांनी घास तोंडात घातला आणि दातांखाली काहीतरी आलं. मऊ. शिजून फुगलेलं. चावलं तरी तुटेना. जिभेने चाचपलं: एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला जाळीदार कापसाची गादी. वीस वर्षांचा अनुभव हो! जिभेने सांगितलं, बँडेजपट्टी. वापरलेली.

साहेब समोरच. थुंकावी तर खुर्ची गेली.

“काय झालं? खडा आला का?” साहेबांनी विचारलं.

“लवंग,” बाई म्हणाल्या, आणि गिळली. घशातून उतरताना तिची एकेक कड त्यांना कळली. वर दोन पेले पाणी प्यायल्या, तरी ती छातीपाशी अडून बसल्यासारखी वाटत होती. कपाळावर घाम, ओठ नाकाला टेकलेला.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण साहेब तिसऱ्या वाढपाचा शेवटचा घास निपटत नवऱ्याला म्हणाले, “तुमच्या पंजाचं रहस्य सांगा राव. माझी बोटं अजून ठणकताहेत.”

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी कौतुकाने विचारलं होतं. नवऱ्याला राहवलं नाही. “दाखवतोच,” म्हणत तो कोठीत गेला आणि बादली घेऊन आला. बाह्या वर करून तांदळात मूठ खुपसली. “असं उघडायचं, असं मिटायचं, असं पिळायचं. रोज पहाटे. घामाच्या धारा लागतात, साहेब! नाहीतर उद्या ब्रेक कसा...” आणि थांबला. बादलीत वाकून पाहिलं. “आई, हा तांदूळ अर्धा कसा झाला?”

“साहेबांनाच नाही का वाढला?” सासूबाई म्हणाल्या. “चांगला तीनदा धुऊन घेतला हो मी.”

साहेबांनी बादलीकडे पाहिलं. नवऱ्याच्या तळव्यावरच्या लोंबत्या कातडीकडे पाहिलं. मग आपल्या चाटूनपुसून लख्ख ताटाकडे. त्यांचा रंग आधी पांढरा, मग हिरवट झाला. रुमाल तोंडाशी धरून ते बेसिनकडे गेले. बाई मागोमाग, कारण त्यांनाही तिथेच जायचं होतं. दोघं शेजारी शेजारी ओणवे.

सावरल्यावर साहेबांनी तोंड पुसलं आणि आरशातूनच विचारलं, “मी आज तुमच्याकडे जेवलो?”

बाईंना क्षणभर समजलं नाही. मग समजलं. आरोग्य खात्याचा मोठा साहेब दुसऱ्याच्या फोडांचा भात तीनदा मागून खातो, हे शहरातल्या एका आचाऱ्याला जरी कळलं, तरी संपलं.

“छे! तुम्ही आलातच कुठे, साहेब? तुम्हाला बरं नव्हतं.”

“बरोबर. सोमवारी लवकर या. खुर्चीचा कागद तयार असेल.” दारात त्यांनी नवऱ्याला लांबूनच नमस्कार केला.

इतकी वर्षं जी खुर्ची मागितली ती मिळाली, आणि बाई बाथरूममध्ये बसून जीभ घासत होत्या. टूथपेस्टची आख्खी नळी संपली.

रविवारी नवरा ट्रॅकवर गेला आणि नाचत परत आला. “सगळ्या फेऱ्या पुऱ्या! एकदाही वळण चुकलं नाही!”

“मग लागला का तुमच्या बादलीचा जोर?” बाईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

“नाही अगं, त्याचं काही कामच पडलं नाही. शिकवणाऱ्याने माझी बोटं पाहिली आणि हसायला लागला. माझी बोटं आखूड, आणि ब्रेकचा दांडा हँडलपासून लांब. म्हणून ताणून ताणून हात भरून यायचे. त्याने तिथला एक स्क्रू फिरवला, दांडा जवळ आला. आता दोन बोटांनी ब्रेक लागतो.”

“एक स्क्रू.”

“हो ना! आधी विचारलं असतं तर...”

बाई वळल्या. ओठ नाकापर्यंत गेलेलाच होता, आता तो आणखी वर गेला. छातीपाशी ती पट्टी पुन्हा एकदा हलल्यासारखी झाली. त्या बेसिनकडे गेल्या.