कंदिलांची ओळ

नारायण पेठेतल्या एका हॉलमध्ये दिवाळीचं प्रदर्शन होतं. लोकरीची तोरणं विणून मी पहिल्यांदाच टेबल घेतलं होतं. शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांचंही पहिलंच प्रदर्शन, पण तोरा असा की जणू हॉल त्यांनीच बांधलाय.

स्वतः केलेले आकाशकंदील ते दोरीवर टांगत होते. एक टांगायचे, मागे सरकून एक डोळा मिटून बघायचे, नापसंतीने मान हलवून परत काढायचे. मध्येच मला हुकूम, "ताई, खुर्ची सरकवा. ओळ दिसत नाहीये."

लोक यायला लागले तरी यांचं टांगणं चालूच. एका बाईंनी हिरवा कंदील मागितला.

"अहो, आधी मांडणी तर होऊ द्या!"

भवानीचं गिऱ्हाईक कुणी असं घालवतं? दुपारी मांडणी झाली. बाई बिचाऱ्या पुन्हा आल्या.

"आता कसा देऊ? मधला काढला तर ओळ मोडेल."

"मग कडेचा द्या."

"म्हणजे एक बाजू लंगडी? छे!"

बाई माझं तोरण घेऊन गेल्या. एवढं जपायचं होतं, तर स्वतःच्या गॅलरीत टांगून बसायचं!

संध्याकाळी माझं शेवटचं तोरणही गेलं. गृहस्थांची ओळ जशीच्या तशी. माझ्या रिकाम्या टेबलाकडे त्यांनी कीव आल्यासारखं पाहिलं.

"अगदीच ओकंबोकं दिसतंय हो. पुढच्या वेळी जरा मांडणीकडे लक्ष द्या."