ख्रिस्ताची शिपाई आणि माझी सही

समस्त नातेवाईक, शेजारी आणि माझ्या गावी, भुईगावात, माझ्याबद्दल अजून कुतूहल बाळगून असलेल्या तुरळक मंडळींना गांभीर्याने कळवण्यात येते की, मेलबर्नमधल्या आमच्या घरातून एक शिपाई निघण्याच्या बेतात आहे आणि तो कोणी तयार केला याची चौकशी मी स्वतः हाती घेतली आहे. संशयितांत कोणालाही सूट नाही, फादरांनाही नाही.

आधी माझं स्वतःचं निघणं सांगतो. एकोणीस वर्षांपूर्वी आई वाडीच्या फाटकात उभी होती. बॅगेत सुकेळ्यांची पुडकी कोंबून झाली होती. टॅक्सीवाल्याचं नाव, गाव आणि तो दारू पितो का, हे विचारून झालं होतं. मग माझ्या कपाळावर क्रूस काढून ती म्हणाली, "तिकडे कोणाशी भांडू नकोस. आणि भांडलास तर हरून येऊ नकोस." मी हसत गाडीत बसलो. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत ख्रिस्ती लोक शतकानुशतकं वाद घालत बसलेत, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

तेव्हा गावात संशय घेणं सोपं होतं. कोणाच्या वाडीतली केळी रात्रीतून कमी झाली की दोनच नावं पुढे यायची आणि त्यातलं एक बरोबर निघायचं. इथे सगळेच हसून बोलतात. त्यामुळे नेमका कोणावर डोळा ठेवावा ते समजत नाही.

तर झालं असं. माझी मुलगी रोशेल सतरा वर्षांची आहे. एका शनिवारी तिने माझ्या चहाच्या कपाशेजारी एक फॉर्म ठेवला. तिला इथल्या सैन्यात जायचंय. अठरा पूर्ण नसल्यामुळे बापाची सही हवी.

"सही कर ना पप्पा, जस्ट फॉर्मॅलिटी आहे," ती म्हणाली.

ज्या कागदाला फॉर्मॅलिटी म्हणतात तो मी तीनदा वाचतो. वाचला. मग चौकशी सुरू केली. पहिला संशय भरतीवाल्या अधिकाऱ्यावर. दात फार पांढरे होते आणि युद्ध हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. दुसरा संशय शाळेवर. तिसरा बायकोवर, पण ती म्हणाली, "माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर आधी भांडी घास." ते प्रकरण मी तिथेच बंद केलं.

चौथे आमच्या पॅरिशचे फादर. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं की चर्च युद्धाला सहजासहजी न्याय्य म्हणत नाही. युद्धाचं कारण न्यायाचं हवं, हेतू शुद्ध हवा, अधिकार असलेल्याने ते पुकारलेलं हवं, बाकी सगळे उपाय थकलेले हवेत, यशाची आशा हवी, आणि ज्या वाईटाशी लढायचं त्याहून मोठं वाईट घडता कामा नये. ऐकताना मला सारखा माझा मामा आठवत होता. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावरून त्याचं शेजाऱ्याशी वाजलं तेव्हा त्याने शेजाऱ्याचा पंप उचलून त्याच बावखलात टाकला आणि सगळ्यांना सांगितलं, "दुसरा इलाज उरलाच नव्हता." भांडण सकाळी सुरू झालं होतं. पंप दुपारच्या जेवणाआधी पाण्यात होता.

हे मी रोशेलला सांगितलं. वर येशूचं वचनही ऐकवलं की एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुझा गाल तू पुढे कर. पण मार शेजारच्याला पडत असेल तर? त्याचा गाल पुढे करायची परमिशन तुला कोणी दिली?"

मी चौकशीच पुढे रेटली आणि विचारलं, "हे शिपाई व्हायचं खूळ तुझ्या डोक्यात घातलं कोणी?"

"आजीने," ती म्हणाली.

चार वर्षांपूर्वी तिच्या दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करण्याच्या संस्कारासाठी, आम्ही भुईगावला गेलो होतो. जुन्या काळी या संस्कारात बिशप मुलांच्या गालावर चापट मारत, ख्रिस्तासाठी सोसायची तयारी म्हणून. आता ती पद्धत गेली. आईला हे पटलेलं नाही. चर्चबाहेर येताच तिने नातीच्या गालावर एक चापट दिली आणि म्हणाली, "बिशपांनी दिली नाही, म्हणून मी देते. आजपासून तू ख्रिस्ताची शिपाई."

मुख्य आरोपी सापडली. रविवारी, तिकडे चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, मी व्हिडिओ कॉल लावला. फॉर्म टेबलावर, पेन माझ्या हातात, रोशेल शेजारी. आईच्या मागून माझा भाऊ सायमन डोकावत होता. सगळं ऐकून त्याचा पहिला प्रश्न: "शिपाई? एवढं शिकून पोरगी ऑफिसात पाणी देणार?"

"सैनिक रे," मी म्हणालो.

"मग ठीक आहे. संत सेबास्टियन पण सैनिकच होते."

"आणि त्यांना बाण कोणी मारले?" आईने मागे न बघता विचारलं. "सैनिकांनीच ना?"

रोशेल पुढे सरकली. "आजी, तूच मला शिपाई केलंस."

"तो शिपाई वेगळा, बाय. त्याच्याकडे बंदूक नसते."

"मग तो लोकांना वाचवतो कसा?"

आईने उलट विचारलं, "लढायचंय कोणाशी?"

"ते गव्हर्नमेंट नंतर ठरवतं."

"म्हणजे सही आज आणि भांडण नंतर?"

फादरांच्या सगळ्या अटी मला पाठ झाल्या होत्या, पण ही शंका मला आली नव्हती. एकोणीस वर्षांत माझी गाडी, बँक, पासपोर्ट सगळं इथलं झालं. घर मात्र मला आता तेच वाटतं, जिथे बसलेलं कोणीतरी माझ्या सहीवर माझ्याआधी संशय घेतं.

सही झाली नाही. फॉर्म रोशेलनेच उचलून नेला. चार महिन्यांनी ती अठराची होईल, तेव्हा मला कोणी विचारणार नाही. ती काय ठरवेल ते मला माहीत नाही, आणि तिचा शेजाऱ्याच्या गालाचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. पण तिने तो कागद उचलला तो माझ्या किंवा फादरांच्या बोलण्यामुळे नाही. फोन ठेवायच्या आधी नातीकडे बघता बघता आईच्या तोंडून निघून गेलं:

"समोरून जी लढायला येईल, तिलापण तिच्या आजीनेच शिपाई केलं असेल ना गं?"