हिरव्या लुगड्याचा छाप

आज सकाळी अप्पा गेले. मला रडू येत नाही, राग येतोय.

फेसबुकवर सगळे 'रिप' लिहितायत. महारुद्र अप्पा, तेलगावचे थोर चित्रकार.
थोर म्हणे! यातल्या किती जणांनी त्यांच्या पत्र्याच्या खोलीत कधी पाय ठेवला होता?

मी ठेवला होता. बीएस्सी अर्ध्यात सोडून.

अप्पा लिनोवर, म्हणजे रबरासारख्या मऊ तक्त्यावर, चित्र कोरायचे. काळ्या शाईत वीसच छाप काढायचे, मग लिनोवर चाकूनं फुली. एकविसावा निघायलाच नको.
छाप वाळले की हातानं रंगवायचे. ते काम माझं.

शेवटचं चित्र निजामाच्या काळातल्या बीडच्या बाजाराचं होतं, त्यांच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. वेस, टांगे, शेरवानीतला अंमलदार, आणि कासाराकडं बांगड्या भरून घेणारी एक बाई.

ती बाई मी प्रत्येक छापात वेगळ्या रंगात रंगवली.

खोलीसमोरून कॉम्प्युटर क्लासला अप्पांच्या ओळखीतली एक मुलगी जायची. त्या दिवशी तिचा ड्रेस ज्या रंगाचा, त्या रंगाचं बाईचं लुगडं.
तिचं नाव लिहीत नाही. फ्रेंडलिस्टमध्ये आहे.

अप्पांनी पकडलंच.
"काऊन रे, हिला रोज नवं लुगडं कोन घेऊन देतंय? निजामाच्या राज्यात एवढे रंग तरी मिळत व्हते का?"
मी ब्रश धूत राहिलो.
"पोरीला बोललास का?"
"न्हाई, अप्पा."
"मग बस लुगड्याशीच बोलत."

पुढं तिचं लग्न ठरलं.

मी ब्रश फेकला. उरलेल्या छापातली बाई काळी करायला निघालो, तर अप्पांनी हात धरला.
"राग माझ्या कागदावर काढू नगं. भाईर जा, दगड मार कुनाला."

मग त्यांनी हिरव्या लुगड्याचा छाप समोर ठेवला. सगळ्यात चांगला तोच जमला होता. चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत त्यांनी पेन्सिलीनं सही केली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.
"कर सही."
"माझी कशाला?"
"रंग तुझा हाय. लग्नात मी तिला हेच देनार. तुझ्या तोंडानं जमलं न्हाई, कागद सांगंल."

मी पूर्ण नाव लिहिलं. बापाच्या नावासकट.

आणि वाट बघितली. एक 'हाय' तरी येईल.
काही आलं नाही. म्हटलं, वाचलं असेल आणि हसली असेल. तेव्हापासून मनात तिला शिव्याच घालत होतो.

आज तिनं स्टेटस टाकलं. वडवणीच्या सासरची भिंत, त्यावर तो छाप.
"अप्पाकाकांची आठवण. काय सुंदर हिरवा!"

झूम करून बघितलं.

सोनेरी फ्रेम, चित्राला चिकटून. खालची पट्टीच नाही. रेडिमेड फ्रेममध्ये बसावं म्हणून दुकानदारानं कापून टाकली.
अप्पांची सही गेली. माझी पण.

गुंडाळी न उघडताच फ्रेमवाल्याकडं गेली असणार. तिनं वाचलंच नव्हतं.
आता हा राग कुठं नेऊन घालू? त्या फ्रेमवाल्याच्या दुकानात?

'तो हिरवा माझा आहे,' असं टाइप केलं. खोडलं. शेवटी सगळ्यांसारखे जोडलेले हात पाठवले.

पण अप्पा, तेवढ्यावर भागेना. पट्टी कापली ना त्या फ्रेमवाल्यानं, मग इथं लिहितो. ओळखणारे ओळखू देत.

छाप: महारुद्र अप्पा, तेलगाव.
रंग: बालाजी.

जा अप्पा. चिडूनच नमस्कार करतोय, तेवढा घ्या.