कानाची परीक्षा

तीन नंबरची मशीन ओरडून राह्यली होती आणि ती पोरगी म्हणाली, "सात."

मॅनेजरसाहेब हसले. मी कागदावर फुली मारली.

मी जिनिंगमधला फिटर. शाळा चौथीपर्यंत. दारव्हा रोडवरच्या या जिनिंगमध्ये माझी उमर गेली. रिटायर झालो तरी सीझन आला की बोलावतात, कारण माझ्याशिवाय त्यांचं भागत नाही. सगळे मला चाचा म्हणतात, साहेबसुद्धा.

कापसातून सरकी वेगळी करते ती जिन मशीन. आत चामड्याचे रोलर फिरतात, त्यांना लागून लोखंडी पातं असतं, त्याला नाईफ म्हणतात. नाईफ ढिली असली तर सरकीला रुई चिकटून राहते. घट्ट असली तर रोलर जळतो. एका रांगेत अशा बारा मशिनी. कोणती बिघडली ते खरा फिटर पाठ फिरवून, नुसत्या आवाजावरून सांगतो.

माझ्या हाताखाली हेल्पर घ्यायचा होता. जागा एक, उमेदवार दोन. एक सुनील, साहेबांचा भाचा. शाळेपासून तो मामाकडेच, जिनिंगच्या कंपाउंडातल्या क्वार्टरमध्ये राहिला. दुसरी वनिता, कळंबकडच्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. आयटीआय फिटर पास. साहेब मला आधीच म्हणाले होते, "चाचा, ते सर्टिफिकेट कोट्यातल्या सीटचं आहे. हात पाहून घ्या."

मलाही तेच वाटत होतं. चहाच्या टपरीवर आरक्षणावरून वाद निघाला की मी म्हणायचो, मला कोणी सीट दिली नाही, तरी मिस्त्री झालोच ना? म्हणून मी परीक्षा ठेवली ती कानाची. एका मशीनची नाईफ ढिली करायची, दोघांना पाठमोरं उभं करायचं. कानाला जात नसते, हा माझा आवडता डायलॉग. त्या दिवशीही मारला.

सुनीलनं तीन नंबर लगेच सांगितला. वनिता चुकली. हिशोब सरळ होता.

ती बॅग उचलून निघाली. मग दारातून परत आली.

"चाचा, एक इचारू? तुमी हा आवाज पहिल्यांदा कधी आयकला?"

"सहा-सात वर्षाचा असंन. अब्बा तेलवाले होते इथं, मशिनीले तेल देत. मले संग आणत."

"मी आज आयकला," ती म्हणाली. "चार सीझन इथंच यार्डात कापूस वाह्यला. पण या दारातून आत कोणी येऊ देल्लं नाही."

ते खरं होतं. मशिनीत कापूस टाकायला ऑटो फिडर बसल्यापासून बाया यार्डातच. दारावर वॉचमन.

मी तिला झिडकारलं. म्हटलं, निकाल लागला, घरी जा. पण दुपारी डबा उघडला तो तसाच राहिला. मी मोठ्या तोऱ्यात सांगत आलो की मला कोणी सीट दिली नाही. आता आठवलं, जुन्या मालकानं अब्बांना पोरगं आत आणू दिलं होतं. दुसऱ्या कोणाचं पोरगं मी आत पाहिल्याचं आठवत नाही. माझी सीट तीच. त्या सीटचा कागद निघाला नाही, एवढंच.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, दोघांनाही आठ दिवस माझ्यासोबत आत राहू द्या. मग परत परीक्षा.

"चाचा, निकाल लागला ना?"

"म्या लावला, म्याच मोडतो."

"मग सुनीलवर अन्याय नाही? तो तर बरोबर बोलला होता."

मी इतकंच म्हटलं, होते थोडा. पण रोलर जळला तर नाव माझं खराब होते. जमत नसंन तर दुसरा मिस्त्री पाहा. सीझन तोंडावर आलेला. साहेबांनी मान हलवली.

आठ दिवस दोघं राबले. सुनील आरामात, घरातल्यासारखा. वनिता मशीनला हात लावून उभी राहायची, डोळे मिटून. मला वाटलं देव आठवते की काय.

नवव्या दिवशी मी पाच नंबरची नाईफ ढिली केली. सुनील म्हणाला, पाच. वनितानं वेळ घेतला, तीही म्हणाली, पाच. मग म्हणाली, "चाचा, नऊ नंबरपण पाहा. चामड्याचा वास येऊन राह्यला."

मी म्हटलं, परीक्षेसाठी नऊला म्या हातच लावला नाही.

"सकाळी तुमीच सेट केली ना ते?"

मशीन बंद करून झाकण काढलं. रोलरवर काळा पट्टा पडायला लागला होता. नाईफ घट्ट होती. साहेबांसमोर सांगितलं, सकाळी ती मीच घट्ट केली.

वनिता माझी हेल्पर झाली. सुनीलला साहेबांनी गठाण बांधायच्या प्रेसवर लावलं. तो भेटला की मान फिरवतो. म्हणतो, मी दोन्ही वेळा बरोबर होतो. ते खोटं नाही, म्हणून मी त्याला काही बोलत नाही.

कानाला जात नसते, हे मी आजही म्हणतो. फक्त आता परीक्षेच्या आठ दिवस आधी वॉचमनला दारावरून उठवतो.