मिरचीवालीची भवानी

कारळं भाजल्याचा वास आला की वडवणीचा आठवडी बाजार आठवतो. घरखर्चाला जोड म्हणून आईने तिथे पहिल्यांदाच कारळ्याच्या चटणीच्या पुड्या मांडल्या होत्या. शेजारची मिरचीवाली ओरडली, “ऊठ गं, ही जागा आमची हाय!”

“भवानी झाल्याबिगर उठत न्हाई,” आई म्हणाली. दिवसाची पहिली विक्री होण्याआधी कुणाला उठवणं बाजारात अशुभ मानत.

मिरचीवालीने आईच्या पोत्यावर नाणं फेकलं, एक पुडी उचलून मातीत टाकली. “झाली तुजी भवानी. ऊठ आता.”

आईने नाणं कपाळाला लावलं. “साक्षात लक्ष्मीच्या हातची भवानी झाली, बाई. आता सांजंपर्यंत बसते.”

तेव्हा मला वाटलं, आई आभार मानते आहे. मिरचीवालीला मात्र लगेच कळलं होतं. आमच्याकडे पाठ करून ती दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिली.