तोंडाची तिखट यागाना

यागाना मोदू म्हणजे आमच्या मैदुगुरी शहरातली, कानुरी जमातीची पोरगी. शिकत होती गुरांची डॉक्टरकी, पण विद्यापीठात सगळे तिला ओळखायचे ते तोंडावरून. मास्तर असो की शिपाई, कुणाची गय नाही. तरी वर्षाचा जलसा आला की पोरं तिच्याच मागं. देशभरातल्या पोरापोरींनी आपापल्या मुलखाचं नाचगाणं करायचं, असा तो जलसा. यागाना सगळ्यांच्या मागं लागायची, लाजऱ्याबुजऱ्यांना ओढून काढायची. एकही जमात मागं राहिलेली तिला खपायची नाही.

त्या साली फुलानी जमातीकडनं एकटा जाउरो तयार झाला. बापाची गुरं राखत वाढलेला गडी. बासरी अशी वाजवायचा की चरती गाय मान वर करील. पण माणसांपुढं कधी उभा राहिला नव्हता.

सांजच्याला मांडव खच्चून भरला. तिव जमातीची पोरं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची कापडं लेवून नाचली, इग्बो पोरींनी स्टेजच्या फळ्या हादरवल्या. मग जाउरो आला. बासरी ओठाला लावली आणि तसाच राहिला. फुंकरच निघेना. मागं कुणीतरी फिसकन हसलं, तसा तो माघारी वळला.

यागाना तरातरा वर गेली आणि माईक हातात घेतला.

"कुठं निघालास रे गुलामा, मालकिणीला न विचारता? वाजवता येत नसंल तर गोठ्यात जा, शेण काढ."

माईकची कळ सांभाळणारी इदारा लांब दक्षिणेतल्या कालाबारहून नवीनच आलेली. आता डोकी फुटणार, असं वाटून तिनं माईकच बंद केला. तिला काय ठाऊक, कानुरी-फुलानींचा हा पिढीजात थट्टेचा व्यवहार आहे ते. एकमेकांना गुलाम म्हणायचं, आणि रागावला तो हरला.

जाउरो थांबला. रानात गुरांना हाक घालावी तसा मोकळ्या गळ्यानं म्हणाला, "मालकीण म्हणे. तुझं अख्खं घराणं आमच्या दारात ताकाला गाडगं घेऊन बसायचं. गाडगंबी आमचंच."

मांडव हसून लोळला. यागाना मात्र हसली नाही. तिथंच फळीवर मांडी घालून बसली. "बोलून झालं? आता वाजव. मी हलत नाही."

त्यानं वाजवली. लोकांकडं बघितलंच नाही. तिच्याकडं बघत, तिला खिजवावं तशी वाजवली. मागची माणसं उठून पुढं सरकली. इदाराचा हात कळीवरच राहिला, माईक चालू करायचं तिला सुचलं नाही आणि कुणाला त्याची गरजही पडली नाही.

शेवटी आता उतर म्हणून सांगायला यागानालाच उठावं लागलं. तर गड्यानं तिच्याकडं पाठ केली आणि आणखी एक चाल धरली.